पत्ता डेलावेअर, मुक्काम पोस्ट जालना

"ताई, तुझं कार्ड फॉरेनच्या साइटवर चालतं ना गं?"

मार्चमधला रविवार, सकाळचे नऊ, आणि जालन्याहून मामेबहिणीचा फोन. ना हॅलो, ना कशी आहेस. म्हणजे मामला सीरियस! डिसेंबरात बाईसाहेबांचं लग्न. त्याआधी चेहरा कसा 'ग्लास स्किन' हवा. त्यासाठी एक व्हिटॅमिन सी सीरम, एक रेटिनॉल आणि दहा मिनिटं लावून धुवायचं एक लालभडक पीलिंग, असा ऐवज तिनं अमेरिकेच्या एका साइटवर हेरून ठेवला होता. प्रॉब्लेम एकच. ती साइट भारतात माल पाठवत नव्हती.

"मग?"

"मग काय, तिथला पत्ता घ्यायचा!"

तर मंडळी, हा पत्त्याचा फंडा असा. पार्सल फॉरवर्ड करणाऱ्या कंपन्या तुम्हाला अमेरिकेतल्या आपल्या गोदामाचा पत्ता आणि तुमच्या नावाचा एक नंबर देतात. बरीच गोदामं डेलावेअर किंवा ओरेगॉनमध्ये, कारण या दोन राज्यांत विक्रीकर नाही. दुकानदार माल तिथं पाठवतो, कंपनी चार पार्सलं एका खोक्यात भरते आणि खोकं विमानानं तुमच्या दारात. आमच्या लहानपणी हेच काम दुबईचे काका करायचे. त्यांच्या बॅगेत साबण, क्रीम आणि सेंट असायचं, आणि अख्खी गल्ली त्या बॅगेवर डोळा ठेवून असायची. फरक इतकाच, की काका विमानभाडं मागत नसत.

आम्ही मात्र दणकून दिलं. एक तर वजन. कुरिअरवाले खोक्याचं वजन दोनदा करतात. एकदा काट्यावर आणि एकदा टेपनं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि साधारणपणे ५००० नं भागायचं. जे जास्त भरेल त्याचे पैसे. आमचं खोकं ३० बाय २५ बाय २०. म्हणजे हिशेबानं तीन किलो! आत माल होता जेमतेम पाऊण किलो. बाकी सगळे हवेचे फुगे. त्यात तिनं हौसेनं घेतलेली सेंटची बाटली गोदामातच अडकली. सेंटमध्ये अल्कोहोल, म्हणजे ज्वालाग्राही, म्हणजे विमानात चढवायला नकार.

मग कस्टम्स. "गिफ्ट म्हणून लिहायला सांग ना," असा सल्ला ऑफिसात तिघांनी दिला. पण ती गंमत २०१९ च्या डिसेंबरात संपली. तोवर पाच हजारांपर्यंतची भेट ड्युटीशिवाय यायची. आता ही सवलत राखीला आणि जीव वाचवणाऱ्या औषधांना. राखी चालते, सीरम नाही! वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरची ड्युटी बजेटगणिक बदलते (२०२६ च्या बजेटमध्ये ती २० टक्क्यांवरून १० वर आणायची घोषणा झाली) आणि वर आयजीएसटी वेगळा. शिवाय ही ड्युटी नुसत्या बाटलीच्या किमतीवर लागत नाही. त्यात विमानभाडंही धरतात. म्हणजे त्या हवेच्या फुग्यांवरसुद्धा आम्ही टॅक्स भरला, बॉस!

तेही सोडा. पैशाचं काय, आज आहेत उद्या नाहीत. खरी गोष्ट पुढं आहे.

खोकं जालन्यात पोचलं मेमध्ये. मराठवाड्याचा मे म्हणजे काय ते ज्यानं सोसलाय त्यालाच ठाऊक. बेचाळीसच्या उन्हात कुरिअरची गाडी गावभर फिरली आणि खोकं संध्याकाळी घरी आलं. व्हिटॅमिन सी तर जात्याच नाजूक. ऊन, हवा, उष्णता यातलं काहीच त्याला मानवत नाही. पाण्यासारखं असायला हवं ते सीरम बाटलीत चहासारखं झालेलं. तिनं फोटो पाठवला. मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, एवढे पैसे घातलेत!

आणि लावलं. सकाळी सीरम, रात्री रेटिनॉल, वर आठवड्यातून दोनदा पीलिंग. दोन आठवड्यांत गालांवर लाल चट्टे, पाणी लागलं तरी झोंबायचं. फोनवर रडत होती. "ताई, हे जाईल ना गं डिसेंबरपर्यंत?"

आता तक्रार कुणाकडे करायची? दुकानदार म्हणाला, आम्ही माल डेलावेअरला पोचवला, तिथं आमचं काम संपलं. फॉरवर्डवाले म्हणाले, खोकं बाहेरून शाबूत होतं ना, मग आमचं काम संपलं. दोघांनीही अगदी गोड भाषेत ईमेल लिहिले. आणि खरं सांगायचं तर दोघांचंही नियमाला धरूनच होतं. चुकलो आम्ही.

हे मला कळलं ते मामांमुळे. मामांची बदनापूरकडे शेती, मोसंबीची बाग. बहीण कामाला बियाण्यांच्या कंपनीतल्या लॅबमध्ये. जालन्यात यात नवल नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको सुरू केली आणि तेव्हापासून हे गाव बियाण्यांचंच. मामा शांतपणे सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "बियाण्याची पिशवी आणली तर मी आधी टॅग बघतो. लॉट नंबर, तारीख. पावती डब्यात ठेवतो. पेरल्यावर पिशवी बी फेकत नाही, मूठभर बी ठेवून देतो. उगवलं नाही तर कुणाला धरायचं ते ठरलेलं असतंय. तू दिवसभर दुसऱ्याच्या बियाण्याला तारखा लावायलीस अन् तोंडाला लावायच्या बाटलीला धनी कोण, ते नाही बघितलंस?"

बिंगो! भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या परदेशी क्रीमच्या लेबलावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणीचा नंबर असावा लागतो. २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स तसं सांगतात. आपण दोन-चार जादा रुपये देतो ते या धन्यासाठी. फॉरवर्डिंगच्या खोक्यात तो धनीच नसतो.

आणि बिनधन्याची बाटली काय करू शकते, हे आपल्याच राज्यात दिसलंय. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या किडन्या एका क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासात निघाला पारा. ते क्रीम परदेशातून आलेलं नव्हतं, लोकलच होतं. पण त्याचा धनी कोण हे विचारायचं मात्र तिथंही राहून गेलं होतं.

बहिणीचं पुढं काय झालं? स्किनच्या डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या बंद केल्या. साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. बेचाळीस डिग्रीच्या गावात सगळ्यात गरजेची वस्तू सनस्क्रीन, आणि तीच आमच्या यादीत नव्हती! चट्टे हळूहळू गेले. लग्नाच्या फोटोत ती ग्लाससारखी नाही, स्वतःसारखी दिसते. झकास दिसते.

तरीही मागवायचंच असेल, तर एवढं करा:

• आधी इथं शोधा. कालपर्यंत न मिळणारे कितीतरी कोरियन, अमेरिकन ब्रँड आता भारतात अधिकृतपणे मिळतात.

• बाटली, भाडं, ड्युटी यांची बेरीज आधी कागदावर करा. खोकं लहान करून पाठवायला सांगा.

• व्हिटॅमिन सी, रेटिनॉल यांसारखा नाजूक माल मागवायचा तर थंडीत. एप्रिल-मेमध्ये नकोच.

• ट्रेटिनॉइन हे क्रीम नाही, औषध आहे. इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्या. बाळाचा विचार असेल तर रेटिनॉलबद्दलही त्यांना विचारा.

• मैत्रिणींसाठी डझनभर बाटल्या मागवू नका. तो वैयक्तिक वापर राहत नाही, आणि विकण्यासाठी आणायचं तर केंद्राची नोंदणी लागते.

• एका वेळी एकच नवी बाटली, आणि तीही आधी कानामागं दोन-चार दिवस लावून.

परवा जालन्याला गेले होते. मामांच्या पत्र्याच्या डब्यात यंदाच्या बियाण्याचे टॅग होते आणि त्यांच्याखाली एका सनस्क्रीनची पावती. जालन्यातल्याच मेडिकलची.