इंजिन फटफटीचे, गाडी चार चाकांची

आमच्या वस्तीतील एक मुलगा आयटीआय करून एका गॅरेजमध्ये कामाला आहे. गेले दोन महिने रात्री घरामागच्या बोळात त्याचे वेल्डिंग चालते. चौकोनी पाइपांचा एक सांगाडा उभा राहिला आहे. अपघातात मोडलेल्या मोटारसायकलचे इंजिन शेजारी पोत्याखाली झाकून ठेवले आहे. त्याला मोटार बनवायची आहे. त्याचे वडील परवा आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, पोरगा पगार भंगारात घालतोय. तुमचं ऐकेल, दोन शब्द सांगा त्याला."

आम्ही दोन शब्द सांगायला गेलो आणि दोन तास ऐकून आलो. वाचकहो, हा नाद वेडेपणाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लंडनजवळच्या सर्बिटन येथे चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. मुलगा जॉन पंधराव्या वर्षी शाळा सोडून हत्यारे बनविण्याचे काम शिकला. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, पेट्रोल रेशनवर होते आणि नवीन काही मिळत नव्हते. १९४६ साली या बापलेकांनी छोट्या फियाट मोटारीचे पुढचे भाग घेतले आणि एक पुढे, एक मागे जोडून सांगाडा केला. त्यात ५०० सीसीचे, एका सिलिंडरचे, मोटारसायकलच्या शर्यतीचे जॅप इंजिन बसविले. इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवले. त्यामागे मोठे शास्त्र नव्हते. मोटारसायकलचे इंजिन चेनने चाक फिरवते आणि चेन आखूड असलेली बरी, म्हणून ते मागच्या चाकांजवळ ठेवले, इतकेच.

त्या काळी शर्यतीच्या बहुतेक मोटारींचे इंजिन पुढे असे. पण कूपर यांची गाडी हलकी होती आणि वळणावर चपळ होती. स्टर्लिंग मॉस यांनी १९४८ साली अशाच गाडीवर नाव कमावले. कूपर यांनी मोठ्या गाड्यांतही इंजिन मागेच ठेवले आणि त्या गाड्या चालवून जॅक ब्रॅबहॅम १९५९ व १९६० साली जगज्जेते झाले. पुढे साऱ्या मोठ्या कारखान्यांनी त्यांचेच अनुकरण केले. गॅरेजवाल्याने अडचणीतून काढलेली वाट श्रीमंत कारखान्यांनी धरली! हाताने काम करणाऱ्याला डोके कमी असते असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता हिशेब पाहू. जुनी मारुती ८०० सुमारे ६५० किलोची आणि तिचे इंजिन ३७ हॉर्सपॉवरचे. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या केटीएम मोटारसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन ४३ हॉर्सपॉवर देत असे. ते ३०० किलोच्या सांगाड्यात बसविले तर काय होईल, हे शाळेतले पोरही सांगेल. म्हणून या कामात पहिला मंत्र वजनाचा. पत्रा जाड केला, पाइप भारी घेतला की सारा फायदा गेला. शंभर सीसीच्या इंजिनावर दोन माणसे आणि जड सांगाडा लादला तर चढावर क्लचप्लेट जळाल्याचा वास येईल.

पण वजनापुढेही अडचणी आहेत. मोटारसायकल वळताना झुकते, त्यामुळे इंजिनातील ऑइल तळाशीच राहते. मोटार तशी झुकत नाही. जोरात वळली की ऑइल एका बाजूला चढते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळतात. यासाठी ऑइलच्या तळात आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात. दुसरे, मोटारसायकलला रिव्हर्स गियर नसतो. त्यासाठी वेगळी पेटी किंवा विजेची मोटर लावतात. तिसरे, मोटारसायकलच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. पाठीमागे कोंडलेल्या इंजिनाला तो मिळत नाही, म्हणून रेडिएटर आणि पंखा हवा. चौथे, मोटारीची दोन मागची चाके वळताना कमीजास्त फिरतात. एकाच दांड्याला दोन्ही पक्की केली तर गाडी वळायला कुरकुरते आणि टायर घासतात. आमच्या मुलाला यातल्या तीन गोष्टी ठाऊक होत्या. ऑइलची ठाऊक नव्हती. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने इंजिन पुन्हा उघडायला घेतले.

खरी अडचण मात्र बोळाच्या बाहेर आहे. २०२१ साली सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने सुमारे साठ हजार रुपयांत किकने सुरू होणारी चारचाकी घरी बनविली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, असेही सांगितले. २०२२ साली त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात कारागिराला नवी बोलेरो दिली.

नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. तुटलेल्या वेल्डिंगची किंमत रस्त्यावरच्या परक्या लेकरानेही मोजावी लागते. पण ब्रिटनमध्ये घरी बनविलेली एकच गाडी असली तरी ती तपासायला नेता येते. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, धूर, सारे तपासून पास झाली की तिला नंबर मिळतो. आपल्याकडे गाडीच्या नमुन्याची मान्यता कारखान्यांच्या मापाने आखलेली आहे, कागद आणि खर्चही त्याच मापाचे. इंजिनियरिंग कॉलेजच्या मुलांसाठी फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धा आहेत. तेथे मुले मोटारसायकलचेच इंजिन बसवून गाडी बनवितात, परीक्षक तपासतात आणि गाडी बंद ट्रॅकवर धावते. हे चांगलेच आहे. पण तेच काम तितक्याच अकलेने बोळात करणाऱ्या आयटीआयच्या पोराला कोणता ट्रॅक? त्याच्या वाट्याला पोलिसाची पावतीच यावी काय? प्रत्येक जिल्ह्याच्या आयटीआयत वर्षातून एक दिवस अशा गाड्या तपासून मैदानावर चालवू दिल्या, तर सरकारचे काय जाईल?

तोपर्यंत मुलाला आम्ही चार गोष्टी सांगितल्या. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पूर्ण कर. वेल्डिंग उस्तादाकडून तपासून घे. गाडी रस्त्यावर काढू नकोस. मालकाची परवानगी घेऊन मोकळ्या मैदानात, हेल्मेट आणि पट्टा लावूनच चालव. आणि एक वही कर. कोणता पाइप, किती वजन, काय चुकले, काय बदलले, सारे नकाशासह लिहून ठेव. उद्या नोकरीच्या मुलाखतीत गाडी नेता येणार नाही, वही नेता येईल. आपल्या बापजाद्यांच्या हातात केवढी कला होती, पण ती लिहिली गेली नाही आणि त्यांच्याबरोबरच गेली.

वडिलांना इतकेच म्हणालो, की पोराचा पगार भंगारात जात नाही, शिक्षणात जातो आहे. ते हसले. मग म्हणाले, "बरं, पण रात्री दहानंतर वेल्डिंग बंद."

तेही मुलाने वहीत पहिल्या पानावर लिहून घेतले आहे.