वकिलाचं बिल कोण भरतं?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही शिकवण आपण बॅगेत लोणच्याबरोबर बांधून नेदरलँड्सला आणतो. भारतातल्या 'तारीख पे तारीख'चा अनुभव पाहता ती चुकीची नाही. पण इथे गाडीच्या धडकेने सायकलवरून पडून हात मोडला, तर हीच शिकवण महागात पडू शकते.

२०२३ मध्ये या देशात रस्ते अपघातांत ६८४ जण गेले, त्यांतले २७० सायकलस्वार होते. आपली मंडळी ॲम्स्टेलव्हीनला असोत की आइंडहोव्हनला, मुलांची शाळा, स्टेशन, बाजार सगळं सायकलवरच. त्यामुळे हा विषय कुणालाच परका नाही.

इथला कायदा दुबळ्याच्या बाजूने झुकलेला आहे. रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १८५ नुसार मोटारीने सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला धडक दिली, तर जबाबदारी सहसा मोटारवाल्यावर येते. अपघात टाळणं शक्यच नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. १४ वर्षांखालच्या मुलाची चूक असली तरी जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई मिळते. मोठ्यांना साधारणपणे निदान निम्मी. सायकलने सायकलला ठोकलं तर मात्र हे कलम लागू नाही. तिथे समोरच्याची चूक आपल्याला दाखवावी लागते.

मग वकील हवा कशाला? कारण खरा प्रश्न 'किती' हा असतो. आजारपणात पहिली दोन वर्षं कंपनीने निदान ७० टक्के पगार द्यायचा असतो, त्यामुळे आपलं नुकसान झालंय हेच लवकर लक्षात येत नाही. कापला गेलेला पगार, आरोग्य विम्यातले 'आयखन रिसिको'चे ३८५ युरो, घरकामाला लागलेली मदत, दवाखान्याच्या फेऱ्या, सोसलेल्या वेदना हे सगळं मागता येतं. विमा कंपनीचा माणूस गोड बोलतो, इंग्रजीतही बोलतो; पण हिशेब तो त्याच्या कंपनीचा करतो.

आता फीबद्दल. डच नागरी संहितेच्या सहाव्या भागातलं कलम ९६ सांगतं की नुकसान आणि जबाबदारी ठरवण्यासाठी केलेला वाजवी खर्च हाही नुकसानीचाच भाग आहे. म्हणजे आपल्या वकिलाचं वाजवी बिल समोरच्याची विमा कंपनी भरते. आपलीही चूक निघाली, तर बिलाच्या रकमेलाही त्या प्रमाणात कात्री लागू शकते. बहुतेक प्रकरणं कोर्टाबाहेरच मिटतात. एखाद्या मुद्द्यावर अडलंच, तर २०१० पासून तेवढाच मुद्दा न्यायाधीशांपुढे नेण्याची सोय आहे.

म्हणूनच 'जिंकलो तर इतके टक्के' असं कुणी म्हणालं की थांबा. वकिलांना असा करार करायला एरवी मनाई आहे. इजेच्या प्रकरणांत २०१४ मध्ये प्रयोग म्हणून, अटी घालून सूट दिली गेली. पण जबाबदारी मान्य झाली असेल आणि बिल विमा कंपनीच भरणार असेल, तर आपल्या भरपाईतले टक्के का द्यायचे? शिवाय 'आडवोकाट' ही पदवी संरक्षित आहे, 'इजा-भरपाई तज्ज्ञ' हे बिरुद कुणीही लावू शकतो. वकील असेल तर तो एलएसए या इजा-भरपाई वकिलांच्या संघटनेचा सदस्य आहे का, आणि सल्लागार असेल तर त्याच्याकडे 'नात्सिओनाल क्यूरमेर्क लेटसलस्खाडे' ही गुणवत्तेची खूण आहे का, ते पाहा.

दोन गोष्टी मात्र वकिलाच्याही आधी. 'हाउसआर्ट्स काय, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणार' म्हणून जाणं टाळू नका. औषध काहीही देवो, त्याच्या फाइलमधली त्या दिवसाची नोंद हाच पुढे आपला पुरावा असतो. आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत अंतिम तडजोडीवर सही करू नका. पैशांची निकड असेल तर आगाऊ रक्कम मागता येते. अंतिम सही झाली, की वर्षभराने खांदा पुन्हा दुखू लागला तरी फाइल सहसा उघडत नाही.

मोटार विमा कंपनीकडे थेट दावा करायची मुदत अपघातापासून तीन वर्षांची आहे. भिडेपोटी किंवा 'परक्या देशात कशाला भांडण' म्हणून ती वाया घालवू नका. हे भांडण नाही. ज्या विम्याचा हप्ता इथला प्रत्येक गाडीवाला भरतो, तो नेमका याचसाठी असतो.