घर विकायचे आहे? आधी हिस्से, मग रंग

हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातील गावे एकेकाळी शेतीवर जगत. एम.आय.डी.सी.ने तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि जागेचा भाव कुठल्या कुठे गेला. आमच्याही काही व्यापारी बांधवांनी त्या भागात सदनिका घेतल्या. आता कोणाला दुकानासाठी भांडवल हवे, कोणाचे वडील वारले आणि वाटणी करायची आहे. म्हणून ही घरे विक्रीला निघत आहेत. घर विकायचे ठरले की पहिला निरोप रंगाऱ्याला जातो. आमचे म्हणणे असे की रंगारी शेवटी बोलवावा. आधी हिस्से आणि कागद नीट करावेत.

हिंजवडीत घर घेणारा बहुधा नोकरदार असतो आणि तो बँकेचे कर्ज काढतो. बँकेचा वकील जुने दस्त उलगडून पाहतो. एका वारसाची सही नसली तरी तो कर्ज अडवतो. मग सौदा मोडतो आणि घेतलेला इसार परत करावा लागतो. भिंतीचा नवा रंग तेथे काही कामाचा नाही.

घर वडिलांच्या नावे असेल तर विशेष सावध राहावे. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता नसतो. वडील वारताच प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्याचा मालक होतो. थोरला भाऊ कितीही कर्तबगार असो, तो फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो. सोसायटीत ज्याच्या नावे नॉमिनेशन आहे तो त्यामुळे मालक ठरत नाही. तो इतर वारसांच्या वतीने घर सांभाळणारा. सातबारावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असेही नव्हे.

हिशेब करून पाहू. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. कफन-दफनाचा खर्च, मेहर व कर्ज वजा जाता घराचे ८० लाख आले. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे १० लाख. उरलेल्या ७० लाखांतून प्रत्येक मुलाला २८ लाख आणि मुलीला १४ लाख. हे १४ लाख शरियतने ठरवलेला हक्क आहेत, भावाची मेहेरबानी नव्हे. “बहिणीला लग्नात दिले आहे” या बोलण्याने तो हक्क फिटत नाही. बहीण खुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. नसेल तर तिलाही विक्रीखतावर सहीला बसवावे व तिची रक्कम तिच्याच खात्यात जाऊ द्यावी.

वारसांत अज्ञान मूल असेल तर गोष्ट आणखी नाजूक. इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात १९१८ सालीच प्रीव्ही कौन्सिलने ठरवले की मुस्लिम आईला अज्ञान मुलाची स्थावर मिळकत आपल्या अखत्यारीत विकता येत नाही. चुलत्यालाही येत नाही. त्यासाठी पालक व पाल्य कायदा, १८९० खाली न्यायालयाकडून पालक नेमून घेऊन विक्रीची परवानगी काढावी लागते. त्यात महिने जातात, म्हणून हे काम गिऱ्हाईक येण्याआधीच सुरू करावे.

मग एक फाईल तयार करावी. मूळ करारनामा व इंडेक्स दोन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट व थकबाकी नसल्याचे पत्र, इमारतीच्या पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि कर्ज असल्यास बँकेचे बाकीचे पत्र. २०१५ सालापासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आपल्या बाजारात रोखीची सवय फार, म्हणून हे मुद्दाम सांगतो. किंमत ५० लाख वा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून घेईल, तो हिशेबात धरावा.

आता घराकडे वळू. आम्ही कापडवाले. थानात विणकामाचा ऐब असला तर तो गिऱ्हाइकाला दाखवून भाव कमी करणे हाच धंद्याचा दीन आहे. झाकून विकलेल्या मालात बरकत नसते. घराचेही तेच. न्हाणीघराची ओल रंगाखाली दडवली तर पहिल्या पावसात ती बाहेर येते. गळती मुळापासून दुरुस्त करावी. होत नसेल तर तसे सांगून भाव ठरवावा. उन्हाळ्यात टँकर किती लागतात, पार्किंग कागदावर आहे की तोंडी, हे खरेदीदार विचारणारच. खरे तेच सांगावे. क्षेत्रफळ करारात लिहिलेले कार्पेटच सांगावे.

एवढे झाले की खर्च थोडाच उरतो. गळके नळ, सैल बटणे, अडकणारी दारे दुरुस्त करावीत. जास्तीचे सामान हलवावे म्हणजे खोली मोकळी दिसते. खिडक्यांच्या काचा पुसाव्यात, पडदे बाजूला सारावेत. फिका रंग पुरे. नवे छत, महागडे कपाट यांत पैसा घालू नये. घेणारा आपल्या पसंतीने ते काढूनच टाकतो.

विक्रीची पाटी लावण्यापूर्वी घरातल्या सर्व वारसांना, बहिणींसकट, एकदा एकत्र बसवा आणि हिस्से कागदावर लिहा. तेथे एकमत झाले तर पुढचे काम वकील आणि रंगारी करतील.