मुलांना रोमन शिकवताय? मिरीपासून सुरुवात करा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांनो, हे तुमच्यासाठी आहे.

तिथल्या प्राथमिक शाळेत सात ते अकरा वर्षांच्या मुलांना रोमन साम्राज्य शिकवतात. एक दिवस शाळेचा निरोप येतो. अमुक शुक्रवारी मुलाला रोमन पोशाखात पाठवा. मग घरात धावपळ. प्लास्टिकचं चिलखत मागवायचं, नाहीतर पलंगावरची चादर गुंडाळायची. शुक्रवार संपला की रोमनही संपले.

तेवढ्यावर सोडू नका. आणि ‘आपल्याला कुठे काय येतं त्यातलं’ म्हणून मागेही राहू नका. तुमच्या घरात सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी मिसळणाचा डबा उघडा. मिरीचे चार दाणे मुलाच्या तळहातावर ठेवा. ही मिरी रोमन लोकांना फार प्रिय होती, आणि ती केरळच्या किनाऱ्यावरून जायची. इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यावर इकडे यायची आणि मिरी भरून परत फिरायची. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तर कुरकुर केली आहे. मिरीत तिखटपणाशिवाय आहे काय, आणि तेवढ्यासाठी आपण थेट भारतात जातो!

ही मिरी इंग्लंडच्या उत्तरेपर्यंत पोचली होती. रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलँडा नावाचं रोमन ठाणं आहे. तिथे मातीखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या. त्यांवर शाईने लिहिलेली सैनिकांची पत्रं आहेत, हिशेब आहेत. त्यातल्या एका हिशेबात मिरी आहे.

एवढं सांगितलंत की मुलाला कळतं, ही गोष्ट आपल्या आजीच्या देशालाही शिवून गेलेली आहे. वर्गात हात वर करून सांगायला त्याच्याजवळ काहीतरी येतं.

शक्य असेल तर त्याला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये न्या. प्रवेश फुकट आहे. तिथे हॉक्सन गावचा खजिना आहे. 1992 साली सफोक परगण्यात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. मित्र धातू शोधायचं यंत्र घेऊन तो शोधायला गेला आणि सुमारे 15 हजार रोमन नाणी सापडली. त्या खजिन्यात चांदीची एक मिरीदाणी आहे, एका नटलेल्या बाईच्या आकाराची. तिच्या बुडाशी फिरणारी चकती आहे. एका बाजूला फिरवली की भरायचं भोक उघडतं, दुसऱ्या बाजूला फिरवली की मिरपूड भुरभुरते, आणि मध्ये सगळं बंद. सगळं म्युझियम एका दिवसात पाहायच्या फंदात पडू नका. मुलं कंटाळतात, पाय दुखतात, आणि मग काहीच लक्षात राहत नाही. ही एक वस्तू नीट दाखवा. हातोडाही म्युझियमने जपून ठेवला आहे, हे सांगा. मुलांना तेच जास्त आवडतं.

आता पोशाखाचं. चिलखतावर पैसे घालू नका. टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं मोठं वस्त्र, फक्त रोमन नागरिक घालायचे, तोही मानाच्या प्रसंगी. रोजच्या कामाला साधा अंगरखाच असायचा. घरातला मोठ्या माणसाचा जुना टी-शर्ट मुलाला गुडघ्यापर्यंत येतो. कमरेला दोरी बांधा. झाला रोमन. गळ्यात एक ताईत घाला. रोमन मुलंही दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात ताईत घालायची.

रोमन मुलं मेणाच्या पाटीवर लिहायची. घरी मेण वितळवत बसू नका, भाजेल. मिठाईच्या खोक्याच्या झाकणात मळलेली कणीक थापा आणि काडीने लिहायला द्या. त्यांच्या लेखणीचं एक टोक अणकुचीदार असायचं आणि दुसरं चपटं, खोडायला. मुलाला XXVII आणि XV ची बेरीज करायला सांगा. घाम फुटेल. मग 27 आणि 15 लिहा. हे अंक भारतातून अरबांच्या हाती गेले आणि तिथून युरोपात आले, तेही सांगा. पण फुशारकी नको. मुलं ती वर्गात जाऊन दुप्पट करतात.

आता जरा अवघड भाग. तो टाळू नका.

रोमन जगात गुलामगिरी होती. शाळेतल्या खेळात सगळेच सैनिक होतात, राण्या होतात. गुलाम कुणी होत नाही. पण अंगण झाडायला, भाकरी भाजायला, मुलांना शाळेत पोचवायला अनेकदा गुलाम असायचे. इ.स. 79 साली इटलीत व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला, तेव्हा हर्क्युलेनियम गावात एक पाव जळून कोळसा झाला आणि तसाच टिकला. त्याचे आठ भाग पाडलेले दिसतात. त्यावर ठसा आहे, केलेर नावाच्या गुलामाचा, आणि सोबत मालकाचंही नाव. पावाचं चित्र मुलाला दाखवा आणि विचारा, हा कुणी केला असेल? आठ वर्षांच्या मुलाला एवढं पेलतं. रक्तपाताची वर्णनं मात्र आता नकोत. ग्लॅडिएटरच्या तलवारी खेळू द्या, पण त्यातले बरेच जण मर्जीने आखाड्यात उतरत नव्हते, एवढं एकदा सांगून ठेवा.

मूल घरी येऊन म्हणेल, रोमनांनी ब्रिटनला रस्ते दिले, हमामखाने दिले. खरं आहे. पण हे वाक्य आपण दुसऱ्या तोंडून ऐकलं आहे. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, असं आपल्याही पुस्तकांत असायचं. म्हणून विचारा, रस्ता बांधला कुणी, कर भरला कुणी? ब्रिटनमधल्या बूडिका राणीचं राज्य रोमनांनी हिसकावलं आणि तिला फटके मारले. तिने उठाव केला, आणि लंडनसकट तीन शहरं जाळली. त्यात निरपराध माणसंही मेली. दोन्ही बाजू सांगा. कुणाच्या बाजूने उभं राहायचं, ते मूल ठरवेल.

तुम्ही उत्तरेला, न्यूकासलच्या बाजूला राहत असाल, तर साउथ शील्ड्सचा आर्बिया किल्ला चुकवू नका. तिथे रेजिना नावाच्या बाईची स्मृतिशिला आहे. ती ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलौनी जमातीची. आधी गुलाम होती. बाराटेस नावाच्या सीरियातल्या माणसाने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. ती तिसाव्या वर्षी गेली. दगडात ती खुर्चीवर बसली आहे, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा झिजून गेला आहे. वरचा मजकूर लॅटिनमध्ये आहे, त्यात चुका आहेत. खाली एकच ओळ बाराटेसच्या स्वतःच्या लिपीत आहे, सुबक कोरलेली. बायको गेल्याचं दुःख त्याने आपल्या भाषेत मांडलं. तुमच्या घरीही इंग्रजी बाहेर आणि मराठी आत चालतं. मुलाला त्या ओळीपाशी थोडा वेळ उभं राहू द्या. समजावून सांगायची घाई करू नका.

आणि उन्हाळ्यात भारतात आलात, तर रोमन व्यापाराच्या खुणांसाठी कोल्हापूरचं टाउन हॉल म्युझियम पाहा. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. मराठवाड्यात जाणार असाल तर तेरचं संग्रहालयही पाहा. तेर म्हणजे जुनं तगर. ग्रीक भाषेत लिहिलेल्या त्या काळच्या व्यापाराच्या माहितीपुस्तकात त्याचं नाव येतं. जाण्याआधी वेळ विचारून घ्या, आणि फोटोची परवानगीही. फोटो मिळाला तर शाळा सुरू झाल्यावर बाईंना दाखवायला द्या.