शर्यत पायांची की कारखान्यांची?

शर्यत ही मूळची किती साधी गोष्ट! दोन स्वार एका रेषेवर उभे करावे, शिट्टी फुंकावी, आणि आधी पोचेल त्याच्या गळ्यात हार घालावा. पण त्या दोघांपैकी एकाच्या बुडाखाली चारचौघांसारखी सायकल आणि दुसऱ्याच्या बुडाखाली कोटी रुपयांचे यंत्र असेल, तर तो हार कोणाच्या गळ्यात घालावयाचा? स्वाराच्या, की ते यंत्र घडविणाऱ्या कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या?

हे मी कल्पनेने लिहीत नाही. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी जपानने आपल्या स्वारांना जी सायकल दिली, तिची जाहीर झालेली किंमत सव्वा लाख युरोंच्या घरात होती. आपल्या रुपयांत कोटीच्या वर. व्ही-इझू हे तिचे नाव. किंमत जाहीर करावी लागली ती नियमामुळे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ म्हणतो की, शर्यतीतले यंत्र कोणालाही विकत घेता आले पाहिजे. घेता येते की! पंचतारांकित हॉटेलाचे दार जसे सर्वांना खुले असते, तसे.

ज्यांनी या सायकली पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. धावपट्टीवरची, म्हणजे ट्रॅकची, सायकल ही आपल्या घरच्या सायकलीची फार गरीब बहीण. तिला ब्रेक नाही, गिअर बदलण्याची सोय नाही, फ्रीव्हीलही नाही. मागचे चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. पाय स्वस्थ ठेवून उतारावरून घरंगळण्याची चैन तिच्यावर नाही. वेग आवरावयाचा तो पायांनीच, पायडल उलट रेटून. ब्रेक का नाही, असे पुष्कळजण विचारतात. कारण सरळ आहे. वाटीसारख्या कलत्या पट्टीवर पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागून चिकटून येणारे सगळे त्याच्यावर कोसळतील. यंत्रातून काढता येईल तेवढे काढून टाकले आणि उरला तो माणूस, असे हे वाहन आहे. म्हणून तर त्याच्यावर पैशाची मिजास पाहिली की मला अधिकच चीड येते.

आणि ज्या जपानने ही कोटीची सायकल केली, त्याच जपानात याच्या नेमका उलट संप्रदाय पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे! १९४८ साली, युद्धाने होरपळलेल्या नगरपालिकांच्या तिजोरीत पैसा यावा म्हणून, कोकुरा शहरात केरिन नावाची सायकलशर्यत सुरू झाली. लोक स्वारांवर पैसे लावतात. घोड्यांच्या शर्यतीसारखाच प्रकार. जुगारच तो, त्याची भलावण मी करणार नाही. पण या जुगारी मंडळींनी जे ओळखले, ते ऑलिंपिकच्या सोवळ्या मंडळींना अजून उमगलेले नाही. पैसे लावणाराला स्वाराचे पाय पारखावयाचे असतात, कारखान्याची बिले नव्हेत. तेव्हा पुरुषांच्या पारंपरिक केरिनमध्ये सायकल पोलादाची, नळ्या बारीक आणि गोल, चाके साध्या तारांच्या आरांची. चौकटीपासून पायडलापर्यंत सुटा भाग मंजूर यादीतला आणि त्यावर एन-जे-एस ही तीन अक्षरे ठोकलेली. (स्त्रियांची केरिन २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा तिथे कार्बनच्या चौकटी आल्या, हे मला ठाऊक आहे, ते झाले नसते तर बरे.) शर्यतीआधी सायकलीची तपासणी होते, आणि सामने संपेपर्यंत स्वारांना बाहेरच्या जगाशी बोलूही देत नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: उंच माणसाला आणि बुटक्याला एकच सायकल कशी चालेल? चालत नाही, आणि जपानी ती देतही नाहीत. स्वाराच्या मांडीचे, हाताचे माप घेऊन कारागीर त्याची चौकट जोडतो. शिंप्याने सदरा शिवावा तशी. माप ज्याचे त्याचे, पोलाद मात्र सर्वांचे एक. हेच सामान्य पोलाद चालवून कोइची नाकानो हा केरिनचा स्वार १९७७ ते १९८६ असा सलग १० वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचा जगज्जेता झाला. १० वर्षे! नागासावा नावाच्या कारागिराने त्याच्या चौकटी बांधल्या. आणि २०२४ ची कोटीची सायकल? पॅरिसच्या ट्रॅकवर जपानला एकही पदक मिळाले नाही. यावरून पोलाद चांगले आणि कार्बन वाईट असे मी म्हणत नाही. कार्बनची सायकल वेगवानच असते. म्हणून तर भांडण आहे.

किती वेगवान, याचाही हिशेब उपलब्ध आहे. एका तासात माणूस किती अंतर कापतो, हा सायकलीचा सर्वांत निखळ विक्रम. १९७२ साली एडी मर्क्स या बेल्जियन स्वाराने मेक्सिको शहराच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटर काटले. १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमन या इंग्रजाने ५६.३७५ किलोमीटर काटले. पुढे २००० साली महासंघाला जाग आली. मर्क्सच्या धर्तीच्या साध्या सायकलीवरचाच विक्रम खरा, असे त्याने ठरविले. त्याच वर्षी तोच बोर्डमन मँचेस्टरला साध्या सायकलीवर बसला, आणि तासाअखेर भरले ४९.४४१. मर्क्सहून फक्त १० मीटर अधिक! मधल्या ४ वर्षांत त्याचे वय वाढले होते हे खरे, पण सात किलोमीटरांचे म्हातारपण ४ वर्षांत येत नाही. ते सात किलोमीटर बहुतांशी यंत्राचे आणि त्यावर पसरून बसण्याच्या तऱ्हेचे होते. एवढा धडधडीत पुरावा हाती असताना २०१४ साली महासंघाने पुन्हा कोलांटी उडी मारली आणि नवी यंत्रे चालू केली. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्ना ५६.७९२ किलोमीटर गेला, तो छापील धातूच्या चौकटीवर. तो मोठा स्वार आहे, यात शंका नाही. मर्क्सहून मोठा का, हे मात्र आता कोणीच सांगू शकणार नाही.

प्रगतीचे पुरस्कर्ते येथे म्हणतील, ‘मास्तर, तुम्ही कल्पकतेचे शत्रू!’ त्यांना मी ग्रॅम ओब्रीची आठवण देतो. या स्कॉटिश स्वाराने स्वतःच्या हाताने सायकल बनविली. तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग बसविले आणि छातीखाली हात दुमडून बसण्याची नवी तऱ्हा काढली. १९९३ च्या जुलैत नॉर्वेमधील हामारला त्याच्या सायकलीची एक गुळगुळीत नक्कल त्याला दिली होती. तिच्यावर प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी आपली जुनी घरगुती सायकल घेऊन तो उतरला आणि ५१.५९६ किलोमीटरांचा विक्रम करून गेला. महासंघाने काय केले? १९९४ मध्ये त्याची ती बसण्याची तऱ्हाच बंद केली. मग त्याने हात पुढे ताणून बसण्याची दुसरी काढली. बोर्डमनचा ५६ किलोमीटरांचा विक्रम त्याच उसन्या तऱ्हेवर झाला. पुढे तीही बंद! घरच्या पत्र्याच्या शेडमधली कल्पकता नियमबाह्य आणि कंपनीच्या वायुबोगद्यातली मात्र प्रगती, हा कोठला न्याय?

शाळेच्या क्रीडादिनाला एका मुलाच्या पायात खिळ्यांचे बूट आणि बाकीचे अनवाणी असले, तर कोणताही पंतोजी त्याला बूट काढावयास सांगतो. तांबड्या मातीत मल्ल उतरतात तेव्हा दोघांच्या अंगावर लंगोटच असतो. जलतरणवाल्यांना हे कळले. रोमला २००९ साली रबरी झिलईच्या पोशाखांनी ४३ विश्वविक्रम मोडले, तेव्हा त्यांनी १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद केले. पाण्याला जे कळले ते पट्टीला का कळू नये?

आता जुन्याच्या भक्तांनीही फार खूश होऊ नये. एन-जे-एसचा ठसा पाहून हजारो रुपये मोजावयाचे, ती चौकट उपाहारगृहाच्या भिंतीवर खुंटीला टांगावयाची आणि तिच्याकडे पाहत कॉफी प्यावयाची, ही जी नवी मूर्तिपूजा निघाली आहे तिचा मला तितकाच कंटाळा आहे. आणि बिनब्रेकची ट्रॅकसायकल घेऊन मुंबई-पुण्याच्या रहदारीत शिरणारे वीर! पट्टीवर समोरून म्हैस येत नाही, रिक्षा वळत नाही, म्हणून तिथे ब्रेक नसतो. रस्त्यावर ब्रेक लावा आणि मग खुशाल पोलादाचे कौतुक करा. पोलादी चौकट खडबडीवर किंचित लवते, हाताला पट्टीची खबर देते, हे सगळे खरे आहे. पण मी तिची बाजू घेतो ती सुखासाठी नव्हे. ती कोणालाही परवडते, आणि कोणत्याही गावातला लोहार-कारागीर ती जोडू शकतो, म्हणून.

अंदमानच्या एसो अल्बेनसह आपल्या तीन मुलांनी २०१९ मध्ये ज्युनियर गटात सांघिक स्प्रिंटचे जागतिक सुवर्णपदक आणले. त्यांच्यासारख्यांना पुढे मोठ्या गटात उतरवताना आपण पाय घडवावे की यंत्रासाठी वर्गणी काढावी?

२०२८ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे. माझी मागणी फार नाही. सगळ्या शर्यती नव्हेत, निदान केरिन, जी जपानच्या पोलादातूनच जन्मली, ती तरी पोलादी सायकलींवर होऊ द्या. स्वार तीसएक असतात. प्रत्येकाच्या मापाची एक सायकल बांधून घ्यावी, खर्च महासंघाने करावा. माझ्या हिशेबाने त्या तीसही सायकली एका व्ही-इझूच्या किमतीत बसतात, आणि वर टायरट्यूबला पैसे उरतात.