सावधगिरीची किंमत कोणी द्यावयाची?

फाल्गुन सरत आला की भंडारा जिल्ह्याच्या रानांत मोह गळू लागतो आणि त्याच सुमारास वनखात्याच्या सूचनाही गावोगाव पोहोचतात : एकट्याने जंगलात जाऊ नये, पहाटे व तिन्हीसांजेस जाणे टाळावे, आपसांत मोठ्याने बोलत राहावे, चहूकडे लक्ष ठेवावे. सूचना रास्तच आहेत. एकीकडे कोका अभयारण्य व नागझिऱ्याचे रान, दुसरीकडे पवनी तालुक्यापर्यंत पसरलेले उमरेड–कऱ्हांडला अभयारण्य, अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. येथे जंगल ही वाघाची जागा आहे, तशीच ती शेकडो गावांची वहिवाटीची, सार्वजनिक जागाही आहे. सार्वजनिक जागी वावरणाऱ्याने सावध असावे, हे कोण नाकारील?

प्रश्न असा की, मोह वेचणाऱ्या बाईला ही सावधगिरी परवडते काय? मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळतात. उन्हे चढेपर्यंत थांबावे, तर गुरे, हरणे व अस्वले आपला वाटा उचलून मोकळी झालेली असतात. शिवाय फुले जमिनीवरून एकेक करून वेचावी लागतात. वाकलेल्या माणसाची नजर भुईवर खिळलेली असते. त्याची उंची निम्म्यावर येते आणि पाठीमागून पाहणाऱ्या वाघाला तो चतुष्पाद सावजासारखा भासत असावा, असे जाणकार सांगतात. एकट्याने जाऊ नये, हेही बोलायला सोपे. पुष्कळ गावांत कोणते झाड कोणत्या घराचे हे परंपरेने ठरलेले असते. त्यामुळे गावातून एकत्र निघालेली माणसे रानात शिरताच पांगतात.

लक्ष देणे हेही एक श्रमच आहेत. जे हात पहारा करतील ते फुले वेचणार नाहीत आणि जी पहाट टळली तिची मिळकत बुडाली. धानाची कामे संपल्यानंतरच्या त्या दिवसांत भूमिहीन कुटुंबाच्या हाती रोकड येते ती मुख्यतः मोहाची आणि त्यामागून तेंदूपत्त्याची. अशा घराने धोका पत्करला, तर त्यास बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होय. तो हिशेब आहे आणि तो त्याच्या परीने चोख आहे.

तेव्हा उपदेश वाढविण्यापेक्षा हा हिशेब बदलणे अगत्याचे आहे. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागील बाजूस लावावयाचे मुखवटे देण्यात आले, कारण वाघ मागून झडप घालतो. आरंभीच्या काळात मुखवटाधाऱ्यांवर हल्ले झाले नाहीत. त्या उपायाची खरी खुबी अशी की, कामावरची नजर ढळू न देता पाठीचे रक्षण होत होते. मोहाच्या बाबतीत असाच मार्ग छत्तीसगढमध्ये दिसतो. तेथे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले झेलली जातात. वाकून वेचण्याचा वेळ वाचतो, फुले स्वच्छ राहून त्यांना भाव अधिक येतो आणि फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची, पर्यायाने वणव्याची, गरज उरत नाही.

जाळीला पैसे लागतात आणि ते वेचणाऱ्याजवळ नसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. ज्या ग्रामसभांना ते मिळाले आहेत त्यांनी संकलन सामायिक करावे, टोळीमागे दोन राखणदार नेमावेत आणि त्यांची मजुरी शासनाने हंगामापुरती उचलावी. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मनुष्य दगावल्यास द्यावयाची मदत राज्य शासनाने २०२३ साली २५ लाख रुपयांवर नेली. ती योग्यच आहे. परंतु ती मिळते माणूस गेल्यावर. त्या रकमेच्या अल्पशा अंशात एका गावच्या मोहाखाली जाळ्या बांधता येतील आणि राखणदारही उभे करता येतील. मृत्यूनंतर जे राज्य एवढे मोल मोजते, त्याने त्याआधीच्या एका निर्धास्त पहाटेचे मोल मोजण्यास का कचरावे?