गृहपाठाची वही कुणाची?

मैत्रिणींनो, शाळा सुरू होऊन दोन महिने झाले की संध्याकाळी घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. "गणिताचा गृहपाठ झाला का रे?" "करतो ना!" "कधी? रात्री दहाला?" मग कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याची भुणभुण, आणि शेवटी आईच पेन्सिल घेऊन बसते. सकाळी वही शाळेत जाते, बाईंची सही घेऊन परत येते. सगळं कसं झकास! आणि घटक चाचणीत मात्र वीसपैकी सहा. "घरी तर सगळं येत होतं हो," असं आई अगदी काकुळतीनं सांगते.

मी सहावी ते आठवीच्या मुलांना अर्धवेळ गणित शिकवते, आणि घरी आईही आहे. त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते. त्या आईचं म्हणणं खोटं नसतं. घरी येतच होतं, पण कुणाला येत होतं, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज जास्त महत्त्वाचा झाला, कारण घरच्या कामालाही गुण असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही असं ठरवलं. पाठोपाठ 2010 साली आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षभराच्या कामाचं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी परीक्षेचं ते संकलित. सहावीला दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा. सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60. आकारिकात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी यांच्या जोडीला स्वाध्यायही आला. हेतू चांगलाच होता. एका पेपरावर मुलाचं सगळं ठरू नये, हे कुणालाही पटेल. परंतु घरून करून आणलेल्या वहीला गुण दिले, तर ते जातात कुणाच्या नावावर?

आपल्या नवी मुंबईतलंच उदाहरण घ्या. एकाच बाकावर दोन मुलं बसतात. एकाची आई घरी असते, शिवाय संध्याकाळी पुढच्याच सेक्टरमध्ये क्लास. दुसऱ्याचे वडील पहाटेच बाजार समितीत कामाला जातात; आई हार्बरच्या गाडीनं मुंबईला नोकरीला, ती परतते आठ वाजता. हा मुलगा स्वतः कुलूप उघडून घरात येतो, धाकट्या बहिणीला खायला देतो आणि मग वही उघडतो. त्याच्या वहीत खोडाखोड असते, दोन गणितं अर्धवट असतात, पण प्रत्येक आकडा त्याचा असतो. पहिल्याची वही मोत्याच्या दाण्यांसारखी! अशा वहीला गुण देताना आपण गणिताला गुण देतो की घराला? आता तर मोबाईलनं फोटो काढला की गणित पायऱ्यांसकट सुटून समोर येतं. म्हणजे ज्याच्या हाती मोबाईल, त्याची वही बिनचूक!

आपण मुलांना पोळ्या शिकवतो ना, तसंच हे आहे. (मुलांना म्हणते, मुलींनाच नव्हे बरं का!) पहिल्या आठवड्यात पोळी कधी त्रिकोणी होते, कधी नकाशा. आपण तिला गुण देत नाही, हसतही नाही. म्हणतो, "कड जाड राहिली, पुढची बघ." पण एक गोष्ट आपण कधी करत नाही. "थांब, मीच लाटते, तू लाटलीस असं सांग," असं म्हणत नाही. कारण हात तिचा बसायचा आहे. गृहपाठ म्हणजे हात बसवणं. चाचणी म्हणजे पाहुण्याच्या पानात पोळी वाढणं. गुण द्यायचे ते पानातल्या पोळीला.

मग मूल अडलं तर आईनं नुसतं बघत बसायचं का? मुळीच नाही. सातवीत व्यस्त प्रमाण येतं. समजा गणित असं आहे: 12 मजूर एक काम 9 दिवसांत करतात, तर 6 मजुरांना किती दिवस लागतील? पुष्कळ मुलं झटकन लिहितात, साडेचार. अशा वेळी "अरे वेड्या, अठरा!" असं म्हणू नका. एवढंच विचारा, "माणसं निम्मी झाली, तर काम लवकर संपेल की उशिरा?" मूल क्षणभर थांबतं आणि स्वतःच जीभ चावतं. मग 12 गुणिले 9 म्हणजे 108 दिवसांचं काम, त्याला 6 नं भागलं की 18, हे त्याचं त्याला सुचतं. हा प्रश्न विचारायला आईला गणित यायला हवं असं नाही. भाजी निवडता निवडताही तो विचारता येतो.

घरी पाळायला सोप्या अशा चार गोष्टी सांगते.

पहिली, वेळेची मर्यादा. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी गृहपाठ रोज जास्तीत जास्त एक तास म्हटला आहे, तोही सगळ्या विषयांचा मिळून. तेव्हा गणिताला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. वेळ संपली की झालं तिथे रेघ मारावी, तारीख घालावी आणि वही मिटावी. अर्धी पण स्वतःची वही बाईंना पुष्कळ काही सांगते.

दुसरी, आईच्या हाती पेन्सिल नको. पोळपाटाशी बसा, इस्त्री करा, पण वही मुलाच्याच पुढ्यात राहू द्या.

तिसरी, पुस्तकाच्या मागची उत्तरं लपवू नका. सरावसंच सोडवून झाला की मुलानं स्वतः उत्तरं ताडून पाहावीत. चुकलेलं खोडरबरानं पुसायचं नाही. त्याला गोल करून खाली पुन्हा सोडवायचं. चूक कुठे झाली हे चार शब्दांत लिहिलं तर दुधात साखर.

चौथी गोष्ट जरा कठीण आहे. गृहपाठ राहिला तर आईनं चिठ्ठी लिहायची नाही. "काल पाहुणे होते, कृपया समजून घ्यावे," हे आपण किती सहज लिहून देतो! त्याऐवजी मुलानंच वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, कारण आणि कधी पूर्ण करणार ते लिहावं, आणि बाईंपुढे स्वतः उभं राहावं. घरात खरोखर आजारपण असेल, तर आईनं जरूर बोलावं.

आता शाळेविषयी. गृहपाठ न आणणाऱ्याला शून्य द्या, असं पुष्कळ पालक म्हणतात. पण शून्य मिळालं की मूल सुटतं, हे माझ्या रोजच्या पाहण्यात आहे. शून्याची किंमत मोजली, काम टळलं! म्हणून माझ्या वर्गात गृहपाठ केला की नाही एवढीच खूण होते. राहिला असेल तर तो दोन दिवसांत पूर्ण करावाच लागतो. आणि सोमवारी त्याच गृहपाठातली दोन गणितं आकडे बदलून वर्गात सोडवायची, गुण त्यांचे. वही कुणी लिहिली हे मग मला विचारावं लागत नाही. कुलूप उघडून घरी जाणारा तो मुलगा इथे मागे पडत नाही, आणि मोत्यांच्या वहीवाल्याला आपण कुठे उभे आहोत ते वेळीच कळतं. तुमच्या पालकसभेत हे सुचवून पाहा. शिक्षक ऐकतात, आपणच बहुधा टक्केवारी विचारून घरी येतो.

वेळीच कळणं का हवं, तेही सांगते. 2019 साली केंद्रानं कायद्यात बदल केला आणि 2023 साली आपल्या राज्यानं पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम केले. नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेची संधी मिळते. त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. सहावी-सातवीत जी गणितं आईनं सोडवली, ती आठवीच्या पेपरात मुलाला एकट्यानं भेटतात. तिथे आपण शेजारी नसतो.

तेव्हा या आठवड्यात एकच करा. एक दिवस मुलाची गणिताची वही न तपासता, जशी असेल तशी शाळेत जाऊ द्या. चुका दिसल्या तरी हात आवरा. बाईंना त्या चुका बघू द्या, आणि मुलाला त्या दुरुस्त करू द्या. काय अनुभव आला, ते मला जरूर कळवा.